घरी बांधलेल्या विमानातील अँटेना-केबल

माथेरानचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. निरभ्र रात्री तेथून मुंबईचे दिवे दिसतात. वैमानिक विमानतळाशी ज्या व्हीएचएफ लहरींवर बोलतो, त्याही प्रकाशाप्रमाणे बहुतांशी सरळ रेषेत जातात. म्हणून माथेरानवरून उडणाऱ्या विमानाचा संदेश मुंबईला पोहोचण्यास अडचण नसते. परंतु तेच विमान नेरळ-कर्जतच्या बाजूस उल्हास नदीच्या खोऱ्यात खाली उतरले की मध्ये डोंगररांग येते आणि संदेश क्षीण होतो. डोंगर हलविता येत नाही. बिनतारी यंत्राची शक्ती अँटेनापर्यंत शाबूत पोहोचविणे मात्र विमान बांधणाऱ्याच्या हाती असते.

जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या वेळी त्यांच्या विमानात बिनतारी यंत्र नव्हते. आजच्या गजबजलेल्या आकाशात मुक्याने उडणे धोक्याचे आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवली येथे इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले आणि २०१६ मध्ये ते मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडले गेले. अशा हौसेने विमान बांधणाऱ्यास इंजिन व पंखांइतकेच लक्ष या केबलकडे द्यावे लागते.

अँटेना-केबलचे चार भाग असतात : मधली तार, तिच्याभोवती विद्युत्‌निरोधक थर, त्यावर तांब्याच्या तारांची जाळी आणि बाहेरचे आवरण. विमानातील बिनतारी यंत्रासाठी ५० ओहम प्रतिबाधेची केबल लागते. आरजी-५८ ही जुनी व स्वस्त केबल होय. आरजी-४०० मध्ये टेफ्लॉनचा निरोधक आणि चांदीचा मुलामा दिलेली दुहेरी जाळी असते. त्यामुळे ती उष्णता अधिक सोसते आणि बाहेरील विद्युत्‌गोंगाट अधिक रोखते. केबल लांबली की शक्ती घटते. तीन डेसिबल घट म्हणजे निम्मी शक्ती वाया. संभाषण ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालते. विमानाची ओळख कळविणारा ट्रान्सपाँडर १०९० मेगाहर्ट्‌झवर उत्तर देतो. तेथे घट पुष्कळच अधिक होते, म्हणून त्याची केबल शक्य तितकी आखूड ठेवावी.

केबलच्या टोकास बहुधा बीएनसी जोड बसवितात. प्रथम जोडाचे धातूचे कडे केबलवर ओवावे. मग उत्पादकाने दिलेल्या मापाप्रमाणेच आवरण, जाळी व निरोधक कापावे. मधल्या तारेस पात्याची खाच पडू देऊ नये. मधली पिन बसवून जाळी जोडाच्या मानेवर सारखी पसरावी आणि कडे योग्य मापाच्या दाबपकडीने दाबावे. जाळीचा केसाएवढा धागा जरी पिनेस टेकला, तरी संपूर्ण जोड निकामी होतो.

केबल बसविताना ती प्रज्वलनाच्या तारांपासून दूर न्यावी. तिच्या जाडीच्या सहापटीहून कमी त्रिज्येत वळवू नये. पाच मिलिमीटर जाडीच्या केबलला निदान तीन सेंटिमीटर त्रिज्या हवी. पत्र्याच्या छिद्रातून जाताना रबरी कडे घालावे. बांधपट्ट्या फार आवळू नयेत. निरोधक चेपला की प्रतिबाधा बदलते. कोकणच्या पावसाळी हवेत जोडातून ओल शिरते व जाळी काळवंडते, म्हणून बाहेरील जोड नीट बंद करावेत.

संभाषणाची सुमारे ५९ सेंटिमीटर लांबीची पाव-तरंग अँटेना आपल्या तळाशी धातूचा पृष्ठभाग मागते. पत्र्याच्या विमानास तो आयताच मिळतो. फायबरच्या विमानात आतून तांब्याच्या पट्ट्या लावाव्या लागतात.

शेवटी तपासणी. दोन्ही टोके मोकळी ठेवून मल्टिमीटरने पाहावे : मधली तार एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत अखंड असावी आणि तिचा जाळीशी संबंध नसावा. नंतर अँटेना जोडून स्थिरतरंग-गुणोत्तर मोजावे. ते दोन असल्यास सुमारे ११ टक्के शक्ती परत फिरते. तीन असल्यास २५ टक्के. यंत्र चालू करून प्रक्षेपण करावयाचे असेल, तर आवश्यक परवाना आधी हाती असावा.

हे काम जमिनीवर फार तर एका दुपारचे आहे. त्यात राहिलेली उणीव मात्र ढगांनी माथेरान झाकले असताना, वैमानिकाला विमानतळाचे उत्तर हवे असते त्याच वेळी उघड होते.