क्रीडा-उपचाराचे पदव्युत्तर शिक्षण : अर्जाची तयारी दहावीपासूनच

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील नंदगड हे गाव संगोळ्ळी रायण्णाच्या बलिदानामुळे सर्वांना परिचित आहे. किट्टूरच्या या वीरास १८३१ च्या जानेवारीत येथे फाशी देण्यात आले. त्याच्या समाधीस्थळी आजही लोक श्रद्धेने जातात. या परिसरातील खेड्यांना शरीरसाधनेची ओढ पूर्वीपासून आहे. यात्रेनिमित्त कुस्त्यांचा फड भरतो, शाळांच्या पटांगणांवर कबड्डी व खो-खो रंगतात आणि सैन्य अथवा पोलीस भरतीच्या आशेने पहाटे धावणारी मुले रस्त्यांवर दिसतात. मात्र या मुलांपैकी एखाद्याचा गुडघा फिरला अथवा खांदा निखळला तर पुढे काय करावयाचे, याची व्यवस्था शारीरिक मेहनतीच्या मानाने फारच तोकडी आहे.

अशा प्रसंगी सर्वसाधारणपणे तालमीतील जाणत्याकडून मालीश करून घेतात, नाहीतर हाड बसविणाऱ्याकडे जातात. मालिशीने थकलेल्या स्नायूंना आराम मिळतो यात शंका नाही. वस्तादांचे या बाबतीतील ज्ञान पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवातून आलेले आहे. परंतु नुकत्याच सुजलेल्या सांध्यास रगडल्याने सूज वाढते. मोडलेल्या हातावर बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्यास रक्तप्रवाह थांबून हात गमावण्याची पाळी येऊ शकते. निखळलेला खांदा ओढाताण करून बसविताना मज्जातंतू दुखावले जाण्याचा धोका असतो. गुडघ्याच्या आतील अस्थिबंध तुटून शस्त्रक्रिया झाली असेल, तर खेळाडूस पुन्हा पूर्ण जोमाने खेळात उतरण्यास साधारणतः नऊ महिने तरी लागतात. त्याआधी उतरणाऱ्यांत पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण लक्षणीय असते. येथे मात्र पुढच्या महिन्यातील फड चुकू नये म्हणून गडी तिसऱ्या आठवड्यातच लांग कसतो.

दुखापतीने थोर मल्लांनाही सोडलेले नाही. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारातील पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले. पुढील म्हणजे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची त्यांची आशा गुडघ्याच्या दुखापतीने संपुष्टात आली. खुद्द बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत शर्यत पूर्ण करून एकोणिसावे आले. त्या काळी खेळाडूच्या पायांची काळजी वाहणारा शिक्षित माणूस संघाबरोबर असणे आपल्याकडे कल्पनेपलीकडचे होते. आज मोठ्या संघांबरोबर असा माणूस असतोच. उणीव आहे ती तालुक्याच्या आणि खेड्याच्या पातळीवर.

हे काम करणाऱ्यास अमेरिकेत अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हणतात. आपल्याकडे या शब्दाने बराच गोंधळ होतो, कारण ट्रेनर म्हटले की डाव शिकविणारा किंवा व्यायामशाळेत वजने उचलावयास लावणारा अशी समजूत होते. प्रत्यक्षात दुखापत होऊ नये म्हणून शरीराची तयारी करून घेणे, दुखापत होताच मैदानावर प्राथमिक उपचार करणे, डॉक्टरांच्या सहकार्याने खेळाडूस पूर्ववत करणे आणि तो पुन्हा खेळण्यास योग्य झाला की नाही याचा निर्णय घेण्यास साहाय्य करणे, असे या व्यवसायाचे स्वरूप आहे. भारतात या कामाच्या सर्वांत जवळचे शिक्षण म्हणजे भौतिकोपचार, अर्थात फिजिओथेरपी, या विषयातील पदवी व त्यानंतर क्रीडा शाखेतील दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. तिला संक्षेपाने एम.पी.टी. म्हणतात, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या क्षेत्रात एम.पी.टीएच. असेही म्हणतात.

येथेच खेड्यातील विद्यार्थ्याची वाट चुकते. खेळात चमकलेला मुलगा दहावीनंतर बहुधा कला शाखेकडे वळतो. सरावाला वेळ मिळावा हा हेतू असतो आणि तो गैर नाही. बी.ए. झाल्यावर खेळाडूंच्या उपचाराचे शिक्षण घ्यावे असे त्याच्या मनात येते, तो चौकशी करतो आणि मग त्याला कळते की एम.पी.टी.च्या अर्जासाठी भौतिकोपचाराचीच पदवी लागते. त्या पदवीसाठी बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय असावे लागतात. म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाचा खरा अर्ज दहावीच्या निकालानंतर शाखा निवडतानाच भरला जातो, आणि त्या दिवशी या विद्यार्थ्याशेजारी विद्यापीठाचा कोणी अधिकारी नसतो. असतात ते गावातील शिक्षक आणि घरातील वडीलधारी माणसे. त्यांना ही गोष्ट वेळेवर ठाऊक नसेल, तर मुलाची बरीच वर्षे दुसऱ्या दिशेला जातात.

मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक अडसर असतो. पदवीपूर्व महाविद्यालयात विज्ञान शाखा इंग्रजीतून शिकावी लागते. पहिल्या सहामाहीत अनेक मुले याच कारणाने खचतात. वास्तविक तालमीत वाढलेल्या मुलाला शरीराची जी ओळख असते, ती शहरातील मुलास क्वचितच असते. ढाक लावताना कंबर कोठे वळते, कोणत्या पकडीत खांद्यावर ताण येतो, हे त्याला पुस्तकाशिवाय समजलेले असते. त्याच्याकडे नसतात ती फक्त इंग्रजी नावे. आठवी ते दहावीच्या वर्गांत जीवशास्त्र शिकविताना सांधा, स्नायू, अस्थिबंध, मज्जातंतू या मराठी शब्दांबरोबरच त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द वहीत लिहून घेण्याची सवय शिक्षकांनी लावली, तर हा अडसर पुष्कळ अंशी कमी होईल. त्यास कोणत्याही योजनेची अथवा अनुदानाची गरज नाही.

बारावीनंतरचा टप्पा पदवी प्रवेशाचा. कर्नाटकात सरकारी वाट्याच्या जागांसाठी कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात भौतिकोपचार पदवीच्या प्रवेशासाठी नीट या राष्ट्रीय परीक्षेतील गुण पाहिले जातात. नियम वर्षागणिक बदलत असल्याने दोन्ही राज्यांची त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचावी आणि बारावीच्या वर्षीच नीट देऊन ठेवावी, हे श्रेयस्कर. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते. मात्र ती महाराष्ट्रातील केंद्रांवरच उपलब्ध असते. मराठी प्रश्नपत्रिका हवी असल्यास अर्जातच कोल्हापूरसारखे केंद्र निवडणे भाग आहे. बेळगावचे केंद्र निवडून मराठी प्रश्नपत्रिकेची अपेक्षा ठेवणे व्यर्थ होय. अर्थात दोन वर्षे इंग्रजीतून अभ्यास केलेल्या विद्यार्थ्यास इंग्रजी प्रश्नपत्रिकाच सोपी वाटण्याचा संभव अधिक आहे.

पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यापुढे रुग्णालयातील सक्तीचा अनुभवकाल असतो. हा काल पूर्वी सहा महिन्यांचा असे. २०२५ मधील नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात तो एक वर्षाचा करण्यात आला आहे. या व्यवसायाच्या शिक्षणाचे व नोंदणीचे नियमन करण्यासाठी संसदेने २०२१ साली संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यामुळे महाविद्यालय निवडताना ते कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे आणि त्याच्या पदवीवर व्यावसायिक नोंदणी होते किंवा नाही, हे आधी विचारावे. काही महिन्यांत ‘क्रीडा-उपचारतज्ज्ञ’ करून सोडणारी प्रमाणपत्रे बाजारात पुष्कळ मिळतात. त्यांच्यावर पैसे घालविण्यापूर्वी पालकांनी हा एक प्रश्न विचारला तरी पुरे.

पदव्युत्तर प्रवेशाच्या बाबतीत नंदगडच्या विद्यार्थ्यास फार लांब पाहावयास नको. बेळगावात के.एल.ई. संस्थेच्या अभिमत विद्यापीठाचे भौतिकोपचार महाविद्यालय आहे आणि तेथे क्रीडा ही पदव्युत्तर शाखा आहे. अभिमत विद्यापीठाची प्रवेशप्रक्रिया व शुल्क राज्याच्या प्रक्रियेहून वेगळे असते, हे ध्यानात ठेवावे. बंगळूरच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये, मणिपाल येथील महाविद्यालय व अमृतसरचे गुरू नानक देव विद्यापीठ हेही पर्याय आहेत. महाराष्ट्रात पदव्युत्तर भौतिकोपचारासाठी राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत स्वतंत्र परीक्षा होते. शाखेचे नाव सर्वत्र एकच नसते. कोठे नुसते ‘क्रीडा’ असते, तर कोठे अस्थी-स्नायूंच्या विकारांबरोबर क्रीडा जोडलेली असते. अर्ज करताना नावावर न जाता अभ्यासक्रमात मैदानावरील प्रत्यक्ष काम किती आहे ते पाहावे.

जेथे अर्जासोबत उद्देशपत्र मागतात अथवा मुलाखत घेतात, तेथे ग्रामीण विद्यार्थी स्वतःचे सर्वांत मोठे भांडवल लपवून ठेवतात. समाजसेवेची आवड, बालपणापासूनचे स्वप्न अशी कोणाच्याही अर्जात शोभतील अशी वाक्ये ते लिहितात. त्याऐवजी तालमीत किती वर्षे काढली, तेथे कोणत्या दुखापती वारंवार पाहिल्या, त्यांवर काय उपचार होत असत आणि शिक्षणानंतर त्यांपैकी काय योग्य व काय घातक वाटले, हे साध्या भाषेत लिहिले तर निवड करणाऱ्यास उमेदवार कळतो. कुस्तीगिरांचे कान सुजून कायमचे गाठाळ होतात, आखाड्यातील मातीमुळे व अंगलटीमुळे त्वचेचे विकार पसरतात, डोक्यास मार लागूनही गडी त्याच दिवशी दुसरी कुस्ती धरतो. हे ज्याने जवळून पाहिले आहे, त्याने ते सांगितलेच पाहिजे. शिफारसपत्रही केवळ मोठ्या पदावरील व्यक्तीचे असण्यापेक्षा, ज्यांच्या हाताखाली रुग्णालयात अथवा मैदानावर काम केले त्यांचे असावे. विद्यार्थीदशेत जिल्हा पातळीच्या स्पर्धांत प्राथमिक उपचाराचे काम केले असल्यास त्याची दिनांकासह नोंद ठेवावी.

मुलींच्या दृष्टीने या क्षेत्राचा विचार अधिक अगत्याने व्हावयास हवा. बेळगाव तालुक्यातील तुरमुरीच्या मलप्रभा जाधव यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत कुराश या प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्यानंतर तरी मुलींनी मातीत अथवा मॅटवर उतरण्यास कोणी हरकत घेण्याचे कारण उरलेले नाही. परंतु उपचार करणारे पुरुषच असल्याने मांडीची वा कमरेची दुखापत मुली सांगत नाहीत, घरीही बोलत नाहीत आणि मुकाट्याने खेळ सोडून देतात. या मुलींना शिक्षित उपचारक स्त्री हवी आहे, आणि ती याच खेड्यांतून तयार होणे सर्वांत सोयीचे.

ज्यांची कला वा वाणिज्य शाखेतील पदवी आधीच झाली आहे, त्यांच्यासाठी भौतिकोपचाराचे दार बंद असले तरी क्रीडाक्षेत्राचे नाही. शारीरिक शिक्षणाची बी.पी.एड. ही दोन वर्षांची पदवी कोणत्याही शाखेच्या पदवीधरास, गुणांची व खेळातील सहभागाची अट पूर्ण होत असल्यास, घेता येते आणि पुढे एम.पी.एड. करता येते. अमरावतीचे १९१४ साली स्थापन झालेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ व ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई संस्था या शिक्षणासाठी ख्यातनाम आहेत. पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेत, जिची स्थापना १९६१ साली झाली, क्रीडामार्गदर्शनाची पदविका मिळते. मात्र या पदव्यांनी शिक्षक वा मार्गदर्शक होता येते. दुखापतीवर उपचार करण्याचा अधिकार त्यांतून मिळत नाही.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडी माहिती येथे द्यावयास हवी. अमेरिकेत अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगचे व्यावसायिक शिक्षण आता पदव्युत्तर पातळीवरच आहे. २०२२ च्या शरद सत्रानंतर तेथे पदवी पातळीच्या अभ्यासक्रमांत नवे विद्यार्थी घेणे बंद झाले. अर्जदाराची पदवी बहुधा कोणत्याही विषयातील चालते, परंतु जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, मानसशास्त्र, शरीररचना व शरीरक्रिया हे विषय आधी शिकलेले असावे लागतात. भारतीय गुणपत्रकांचे मूल्यांकन, इंग्रजीची परीक्षा आणि बऱ्याच ठिकाणी या व्यावसायिकांच्या कामाचे प्रत्यक्ष निरीक्षण केल्याचा पुरावाही लागतो. अभ्यासक्रमानंतर मंडळाची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते व बहुतेक राज्यांत परवाना घ्यावा लागतो. खर्च मोठा असल्याने, विद्यापीठातून साहाय्यक वेतन मिळण्याची लेखी हमी नसेल तर शेतजमीन गहाण टाकून हा मार्ग धरू नये.

कागदपत्रांविषयी एक सूचना. कर्नाटकात व्यावसायिक पदवी प्रवेशात ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी राखीव जागा असतात. पहिली ते दहावी ही दहा वर्षे ग्रामीण भागातील शाळेत शिकल्याचा दाखला त्यासाठी लागतो. मुख्याध्यापकांच्या सहीनंतर त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्यावी लागते. जातीचा व उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून मिळतो. मराठी व कन्नड कागदपत्रांत आणि आधारपत्रात नावाचे इंग्रजी स्पेलिंग वेगवेगळे असल्याचे सीमाभागात वारंवार आढळते. ही दुरुस्ती दहावीचा परीक्षा अर्ज भरण्यापूर्वीच करून घ्यावी, कारण पुढील सर्व गुणपत्रके त्याच नावाने निघतात. मुख्याध्यापकांनी नववीच्या वर्षअखेरीस प्रत्येक विद्यार्थ्याची कागदपत्रे एकदा समोरासमोर ठेवून पाहावीत.