खड्डा खणायच्या आधी

बेटा, तुझ्याकडे ट्रान्समिशन लाइनची पर्यावरणाची फाइल दिलीय आणि साइट शहाद्याजवळच्या, तापीकाठच्या प्रकाशा गावची, हे कळलं. आता मामाचं थोडं ऐकून घे.

ट्रान्समिशन लाइनला २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली मंजुरी लागत नाही. त्या यादीत वीजवाहिनीचं नावच नाही. एवढं कानावर पडलं की साइटवरची निम्मी माणसं विचारतात, मग या मॅडमचं काम काय? काम भरपूर आहे. जंगल आडवं आलं की १९८० चा वन कायदा, मालकीच्या शेतातलं झाड आलं की राज्याचा १९६४ चा वृक्षतोड कायदा, शेतकऱ्याचं नुकसान झालं की १८८५ चा तार कायदा. मंजुरीचा एकच मोठा कागद नसल्यामुळे अटी दहा ठिकाणी विखुरलेल्या असतात. त्या एका वहीत स्वतःच्या अक्षरात उतरवून काढ. एक्सेल नंतर कर. प्रत्येक अटीपुढे लिही, ही कोणत्या कामाच्या आधी पाळायची. सर्वेच्या आधी, खड्ड्याच्या आधी, तार ओढायच्या आधी. तारीख उलटून गेल्यावर अट पाळता येत नाही, फक्त पत्रव्यवहार करता येतो.

तार कायद्याचं दहावं कलम एकदा शांतपणे वाच. वीज कायद्याच्या १६४ व्या कलमाने शासन लाइन टाकणाऱ्याला तारखात्याचे अधिकार देऊ शकतं, ते अधिकार इथूनच येतात. त्यात सांगितलंय की शक्य तेवढं कमी नुकसान करा आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्या. कमी नुकसान आधी, भरपाई मागाहून. आपले ठेकेदार ते उलटं वाचतात: पैसे देतोय ना, मग घाल पोकलेन.

आता माती. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण फाइलीत ती एका ओळीत उरकलेली असते. तापीकाठची ती जमीन नदीनेच आणून टाकलेली. वर काळी, खाली पिवळट गाळमाती. टॉवरच्या चार पायांसाठी चार खड्डे होतात, सहज माणसापेक्षा खोल. पोकलेनवाल्याला मोकळा सोडलास तर तो वरची-खालची माती एकाच ढिगाऱ्यात टाकतो आणि भरताना पिवळी वर येते. मग तिथे पेरलेलं पिवळं पडतं, पाणी दिलं की वर पापडी धरते. म्हणून आधी वरची फूटभर काळी माती सोलून बाजूला काढायची, पाटापासून लांब रचायची आणि ताडपत्रीने झाकायची. पिवळीचा ढीग वेगळा. भरताना पिवळी आधी, थराथराने पाणी मारून धुम्मस करायची. काळी सगळ्यात शेवटी. काँक्रीटने जागा घेतल्यामुळे पिवळी माती उरतेच. ती नाल्यात लोटायची नाही. शेतकऱ्याला बांध घालायला हवी असेल तर त्याच्याकडून लिहून घेऊन तो सांगेल तिथे टाक, नाहीतर उचलून ने. काम संपलं असं गँग म्हणाली की खुरपं घेऊन स्वतः जा आणि पायाजवळ वीतभर खणून बघ. पिवळी लागली तर काम संपलेलं नाही. त्याच फेरीत बाइंडिंग वायरचे तुकडे, खिळे, नटबोल्ट वेचून घे. ते बैलाच्या खुरात जातात आणि बोलणी तुला बसतात.

ओल्या काळ्या रानात क्रेन घालायची नाही. चाक रुतलं म्हणजे क्रेन तर अडकतेच, शिवाय खालची माती दाबून दगडासारखी होते आणि पुढचे दोन हंगाम तिथे नांगर नीट चालत नाही. वापसा आला का, हे ज्याचं रान त्याला विचार. तो मूठभर माती दाबून सांगेल. वेळापत्रक मुंबईत बसून केलेलं असतं, त्याला वापसा माहीत नसतो. येण्याजाण्याची वाट एकच ठेव, दोन्ही बाजूंना झेंड्या लाव. शहाद्याकडे पपई आणि केळी भरपूर, शिवाय सगळीकडे ठिबक. ठिबकची नळी गाडीखाली तुटली तर त्याच दिवशी जोडून द्यायची. भरपाईच्या रकान्यात लिहून मोकळं व्हायचं नाही. रोपाला पाणी आज हवं असतं.

प्रकाशाला लोक दक्षिण काशी म्हणतात. तापी-गोमाईचा संगम, केदारेश्वर, घाटावरचे विधी हे तुला माहीत असेल. पण तिथलं पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड वेगळंच प्रकरण आहे. १९५४-५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापासून मध्ययुगापर्यंतचे थर एकावर एक सापडले. म्हणजे या भागात खड्ड्यातून काय निघेल सांगता येत नाही. खणताना तांबड्या खापरावर काळ्या रंगाच्या रेषा दिसल्या, राखेचा थर लागला, हाडं निघाली, तर मशीन बंद करायचं. खापर हातात घेऊन पुसत बसू नकोस. ते आहे तिथेच ठेवून शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढ, खोली लिही, तहसीलदार आणि पुरातत्त्व विभागाला कळव. नाणी-दागिने निघाले तर १८७८ चा गुप्तधन कायदा अजून जिवंत आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये! इंग्रजांनी ठरवलेली रक्कम आपण अजून बदललेली नाही. राष्ट्रीय संरक्षित स्मारक जवळ असेल तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. ही अंतरं सर्वेच्या दिवशीच नकाशावर आखून घे. टॉवर उभा राहिल्यावर तो सरकत नाही.

झाडांचंही तेच. सातपुड्याच्या पायथ्याला लाइन शिरली की मोह भेटेल. भिल-पावरा घरांत मोहाची फुलं म्हणजे मार्च-एप्रिलचं उत्पन्न. झाड कोणी लावलेलं नसलं तरी त्याच्याखाली कोण वेचतं हे गावाला पाठ असतं. सर्वेअरला सांग, अँगल टॉवर थोडा सरकवून झाड वाचत असेल तर सरकव. कागदावरची रेघ वाकवायला खर्च नाही. मोह, चिंच, आंबा, साग, जांभूळ ही झाडं मालकीच्या बांधावर असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही. मालकाने सही दिली म्हणजे झालं, असं मुकादम सांगेल. त्याचं ऐकू नकोस.

वनजमिनीत ४०० केव्हीच्या लाइनला ४६ मीटरचा पट्टा मिळतो, २२० ला ३५. पट्टा मिळाला म्हणजे पट्टाभर सफाचट करायची मुभा मिळाली असं नाही. तार ओढायला प्रत्येक तारेखाली तीन मीटरची पट्टी मोकळी करतात, बाकी झाडं तारेपासून लागणाऱ्या अंतरापुरती छाटायची. ४०० केव्हीला ते अंतर साडेपाच मीटर. पट्टीत नंतर झुडपं वाढू द्यायची असतात. हल्ली पहिली दोरी ड्रोनने पलीकडे नेतात, त्याने बरीच झाडं वाचतात. ठेकेदार नको म्हणाला तर लेखी कारण माग. वनखात्याने घण मारून खूण केलेल्या झाडापलीकडे एक फांदीही नको, आणि वनरक्षक हजर नसताना तोड नको.

तापी ओलांडताना पात्रात पाइल फाउंडेशन आलं तर बेंटोनाइटचा चिखल निघतो. तो टाकीत साठवायचा, पुन्हा वापरायचा, उरलेला लांब नेऊन वाळवायचा. खाली प्रकाशाच्या बॅरेजचं अडलेलं पाणी आहे आणि त्याच पाण्यात लोक पर्वणीला उतरतात. मिक्सर धुतलेलं पाणीही नदीत नाही. पात्रातलं काम पावसाळ्याआधी आटपलं नाही तर थांबव. वरून हतनूर धरणाचं पाणी सुटलं की ढिगारा, साहित्य, सगळं वाहून जातं. तार ओढायच्या टेन्शनर-पुलर मशीनखाली गळणाऱ्या तेलासाठी ट्रे ठेव. जळकं ऑइल भंगारवाल्याला नाही, परवानाधारकालाच.

पक्ष्यांबद्दल एक. हिवाळ्यात बॅरेजच्या फुगवट्यावर पाणपक्षी उतरतात. ते जाड तारांना कमी, वरच्या बारीक अर्थवायरला जास्त धडकतात, कारण ती उशिरा दिसते. नदीवरच्या गाळ्यात अर्थवायरवर बर्ड डायव्हर्टर लावून घे आणि तेही तार वर चढवतानाच. लाइन चालू झाल्यावर त्यासाठी शटडाउन कोणी देत नाही.

टॉवर चढवणारी पोरं बहुतेक बाहेरच्या राज्यातली असतात. कॅम्प वनजमिनीवर नको आणि चुलीसाठी लाकूड नको. गॅस पुरवणं ही वन मंजुरीतली नेहमीची अट आहे. सिलिंडर संपला की पोरं जवळचं झाड बघतात, तेव्हा स्टोअरकीपरकडे सिलिंडरचा हिशेब दर आठवड्याला माग. आणि होळीच्या आठवड्यात सातपुड्याच्या गावांत काम लावू नकोस. आधी आदिवासींचा भोंगऱ्या बाजार, मग होळी. त्या दिवसांत शेतात कोणी भेटत नाही, मग पंचनाम्यावर सही कोणाची घेशील?

भरपाईचं काम तुझं नाही असं वरचे सांगतील, तरी आकडे पाठ ठेव. केंद्राच्या १४ जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के सांगितलेत. राज्याचा शासन निर्णय वेगळा काढून वाच. पिकाचं, झाडाचं नुकसान त्याहून निराळं. शेतकरी पहिला प्रश्न तुलाच विचारणार, कारण बांधावर तूच दिसतेस. माहीत नसेल तर उद्या सांगते म्हण आणि उद्या खरंच सांग.

शेवटचं काम पहिल्याच दिवशी करायचंय. प्रत्येक टॉवरच्या जागी चारही बाजूंनी फोटो घे. बांध, विहीर, पाइपलाइन, उभं पीक त्यात दिसू दे. गट नंबर लिहिलेली पाटी फोटोत येऊ दे. मालक शेजारी उभा असला तर उत्तम. तलाठ्याला सोबत ने. त्याला गाडी पाठव, नाहीतर तो येणार नाही. एक प्रत मालकाला त्याच आठवड्यात दे, त्याने मागायची वाट बघू नकोस.