पहाटेचा पहिला सेल्फ

१. थंडीत गाडी चटकन सुरू न होण्याचा दोष दिवसातून एकदाच दिसतो, पहाटे. दुपारी गॅरेजात नेलेली गाडी अर्ध्या सेल्फला सुरू होते आणि मेकॅनिक म्हणतो, "साहेब, गाडी ओके आहे." निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजात ठेवावी. सकाळचा पहिला सेल्फ मेकॅनिकनेच मारावा.

२. आधी बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेले, तर टर्मिनल आणि अर्थिंगची पट्टी घासून पुन्हा मोजा. नवी बॅटरी त्यानंतर.

३. चावी फिरवून थांबा, सेल्फ मारू नका. फ्युएल पंपाची घूं दोनेक सेकंद ऐकू येईल. असं दोन-तीनदा केल्यावर गाडी चटकन सुरू झाली, तर पाइपातला दाब रात्रीत उतरतो आहे. मग पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, प्रेशर रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर तपासायचा. सुरू होताना पेट्रोलचा वास आणि काळा धूर आला, तर माझा संशय आधी इंजेक्टरवर जातो.

४. कार्ब्युरेटर गेला तसा चोकही गेला, पण गार इंजिनाला जास्त पेट्रोल देण्याचं चोकचं काम राहिलंच. एमपीएफआय (इंजेक्टरवाल्या) गाडीत ते कूलंट टेंपरेचर सेन्सरच्या भरवशावर चालतं. इंजिन गार असताना त्याने "गरम आहे" असं कळवलं, की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल कमी सोडतो आणि आपण सेल्फ मारत बसतो. चेक इंजिनचा दिवा लागेलच असं नाही, कारण 60 अंश हा आकडा ईसीयूला खोटा वाटत नाही. म्हणून रात्रभर उभ्या गाडीला पहाटे स्कॅनर लावा. कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं दिसलं पाहिजे. स्कॅनर नसेल तर मल्टिमीटर घ्या: बहुतेक सेन्सर 20 अंशांना दोन-तीन हजार ओहम दाखवतात, 80 अंशांना तीनशेच्या आसपास. जुन्या गाडीवाल्यांना मी ही तपासणी सगळ्यात आग्रहाने सांगतो. सेन्सर स्वस्त असतो, आणि तो सोडून पंप बदललेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

५. अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबल्यावरच सुरू होते? आयडल व्हॉल्व्ह आणि थ्रॉटल बॉडीतला कार्बन साफ करून घ्या.

६. प्लग काढून बघा. ओले असतील तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. पुष्कळ ईसीयू तेवढा वेळ पेट्रोल तोडतात.

७. कुणी "ईसीयू गेला" म्हणालं, तर वरची मापं पहाटेची आहेत का, ते विचारा.