घरगुती ग्लुकोमीटर : आकडा कितपत खरा?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यांपैकी अनेकांच्या घरी आता रक्तातील साखर मोजण्याचे छोटे यंत्र, म्हणजेच ग्लुकोमीटर, असते. १९७० च्या सुमारास अमेरिकेत निघालेले असे पहिले यंत्र एक किलोहून अधिक वजनाचे होते व त्याचा वापर डॉक्टरांच्या दवाखान्यापुरताच होता. आज ते खिशात मावते आणि त्यावर दिसणाऱ्या आकड्यावरून इन्सुलिनची मात्रा घरीच ठरविली जाते. आकडा खोटाच जास्त आला व त्यानुसार इन्सुलिन अधिक टोचले गेले, तर साखर एकाएकी उतरून रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. दुर्दैवाने नेहमीच्या हयगयीतून घडणाऱ्या चुकांपैकी बऱ्याच चुका आकडा वाढविणाऱ्याच असतात.

मोजणीचे खरे काम यंत्रात नव्हे, तर पट्टीवर होते. पट्टीच्या टोकाशी एका विकराचा (एन्झाइमचा) सूक्ष्म थर असतो. रक्तातील ग्लुकोजशी त्याची रासायनिक क्रिया होऊन अत्यल्प विद्युत्प्रवाह निर्माण होतो. यंत्र तो मोजून आकड्यात मांडते. पुष्कळ पट्ट्यांना केवळ अर्धा मायक्रोलिटर रक्त पुरते. रक्तशर्करा १०० मिलिग्रॅम (दर १०० मिलिलिटर रक्तात) असेल, तर एवढ्या थेंबात ग्लुकोज असते अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा वीस लाखावा भाग. द्राक्षे खाल्लेल्या किंवा संत्रे सोललेल्या बोटावर तेवढेच ग्लुकोज राहून थेंबात मिसळले, तरी आकडा थेट दुप्पट होईल! जपानमधील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फळे सोलल्यानंतर बोट केवळ स्पिरिटच्या बोळ्याने पुसले असता आकडा फुगलेलाच राहिला. साध्या पाण्याने हात धुतल्यावर मात्र तो योग्य आला. तेव्हा स्पिरिटपेक्षा साबण व पाणी यांवर भिस्त ठेवणे इष्ट होय. हात धुतल्यावर ते पूर्ण कोरडे करावेत, कारण ओल्या बोटावर रक्त पातळ होते. पाणी हाताशी नसेल, तर पहिला थेंब स्वच्छ कापसाने पुसून दुसरा घ्यावा. बोटाच्या टोकाच्या बाजूस टोचावे. तेथे वेदना कमी होतात. बोट जोराने पिळू नये, कारण त्यामुळे पेशींभोवतालचा द्रव रक्तात मिसळतो.

विकराचा हा थर उष्णतेने व दमटपणाने बिघडतो. विदर्भातील मे महिना आणि कोकणातील आषाढ हे दोन्ही पट्ट्यांचे शत्रूच. पट्ट्या मूळ डबीतच ठेवाव्यात, कारण ओलावा शोषून घेण्याची व्यवस्था त्या डबीत केलेली असते. एक पट्टी काढताच झाकण घट्ट लावावे. डबी शीतकपाटात किंवा उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवू नये. वेष्टनावरील मुदत व डबी उघडल्यानंतर किती महिने पट्ट्या वापराव्यात ही सूचना, दोन्ही पाहाव्यात. पट्ट्यांविषयी शंका आल्यास कंपनीच्या ‘कंट्रोल सोल्यूशन’चा थेंब घालून पाहावा, आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत आला पाहिजे.

रक्तक्षयाचा मुद्दा मात्र आपल्याकडे फारसा बोलला जात नाही. तांबड्या पेशींचे प्रमाण कमी असल्यास अनेक पट्ट्या साखर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवितात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. गरोदरपणी मधुमेह झालेल्या स्त्रीच्या घरी यंत्र देताना तिचे हिमोग्लोबिन डॉक्टरांच्या ध्यानी आणून देणे म्हणूनच अगत्याचे आहे. काही नव्या पट्ट्यांत या दोषाचे निवारण केलेले असते. ते माहितीपत्रकावरून कळते.

सर्व काळजी घेतली तरी थोडा फरक राहणारच. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० पैकी ९५ वाचने १०० मिलिग्रॅमच्या खाली १५ मिलिग्रॅमच्या आत व त्यावर १५ टक्क्यांच्या आत असावी लागतात. म्हणजे प्रत्यक्ष २०० असता १७० किंवा २३० दिसले, तरी यंत्र सदोष ठरत नाही. मधुमेहाचे निदान प्रयोगशाळेतील तपासणीवरूनच करतात, ते याचसाठी. यंत्र पडताळून पाहायचे झाल्यास उपाशीपोटी, प्रयोगशाळेत रक्त देतानाच बोटाचे रक्त तपासावे. जेवणानंतर बोटातील रक्तात शिरेतील रक्तापेक्षा साखर मुळातच अधिक असते, त्यामुळे ती तुलना फसवी ठरते. प्रयोगशाळेचा आकडाही चुकू शकतो, हे येथे सांगितले पाहिजे : नमुना तसाच पडून राहिला, तर रक्तपेशी दर तासाला त्यातील सुमारे ५ ते ७ टक्के ग्लुकोज वापरून टाकतात.

घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे अशी साखर उतरल्याची लक्षणे दिसत असता यंत्र १४० दाखवीत असेल, तर रुग्णाला प्रथम ग्लुकोज किंवा साखरेचे पाणी द्यावे, हात धुऊन पुन्हा मोजणी करावी आणि तोवर इन्सुलिन देऊ नये. रुग्ण गिळू शकत नसेल, तर तोंडावाटे काहीही न देता त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे.