धडधड : हृदयाची आणि मनाची

'छातीत धडधडते, पोटात गोळा येतो, जीव घाबरा होतो.' ही तक्रार ज्याने ऐकली नाही असा डॉक्टर विरळाच. मात्र या शब्दांत शरीर किती बोलते आणि मन किती, हे ओळखणे सोपे नसते.

हृदय, फुप्फुसे, जठर यांच्याकडून मेंदूकडे अखंड संदेश जात असतात. त्यांच्या जाणिवेला 'अंतःसंवेदन' म्हणता येईल. ही जाणीव मापण्यासाठी रायनर शांड्री यांनी १९८१ मध्ये एक साधी चाचणी मांडली : नाडीला हात न लावता, ठरावीक वेळातील आपल्या हृदयाचे ठोके मोजणे. तीवर आक्षेपही आहेत. आपली नाडी साधारण किती असते हे ठाऊक असलेला माणूस अंदाजानेही जवळचा आकडा सांगू शकतो.

येथे लक्ष आणि अचूकता या दोन गोष्टी वेगळ्या मानाव्या लागतात. शरीरातील संवेदनांकडे आपले अधिक लक्ष असते, असे स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त सांगतात. ठोके ओळखण्याच्या चाचण्यांत मात्र पुरुषांची अचूकता सरासरीने अधिक आढळते, असे २०२२ च्या एका एकत्रित विश्लेषणात दिसले. चिंताविकारांचे प्रमाण स्त्रियांत पुरुषांच्या सुमारे दुप्पट आहे. संवेदनेकडे लक्ष पुष्कळ, पण तिचा अर्थ धूसर. अशा वेळी ती रिकामी जागा भीती भरून काढते, असे एक मत आहे. डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये असे प्रतिपादन केले, की साध्या धडधडीला 'हा झटकाच' मानल्याने भीती वाढते आणि भीतीने धडधड.

परंतु सरासरी म्हणजे समोरचा रुग्ण नव्हे. हृदयगती अचानक वाढण्याच्या विकारावरील १९९७ च्या अमेरिकन अभ्यासात, निदान होण्यापूर्वी स्त्रियांची लक्षणे चिंतेच्या माथी मारली जाण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच अधिक होते. दोष हृदयाच्या विद्युत्‌मार्गात होता. औषध मात्र मनावर चालले होते. उलट, 'गॅस झाला' म्हणणाऱ्या पुरुषाच्या मनातील भीती आपण विचारतही नाही.

म्हणून स्त्री असो वा पुरुष, धडधड सांगणाऱ्याचा ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉईड पाहावे. धडधड अचानक सुरू होऊन अचानक थांबते का, हे विचारावे. आणि मनाची चौकशीही तितक्याच आस्थेने करावी. तपासण्या निर्दोष आल्या तरी 'काही झालेले नाही' एवढ्यावर थांबू नये. धडधड खरीच असते. तिचा अर्थ रुग्णाला उलगडून सांगणे, हाही उपचारच होय.