मधे एक फूल असावं

जानेवारी २००४मध्ये ऑर्कुट सुरू झालं, तेव्हा आत जायला कुणाचं तरी आमंत्रण लागायचं. गूगलमधल्या ऑर्कुट ब्युकोक्तेन या तुर्की अभियंत्याच्या नावाची ती साइट भारतात आणि ब्राझीलमध्ये अशी रुजली, की माझ्या वयाच्या कित्येकांसाठी ऑनलाइन असणं म्हणजे स्क्रॅप आणि टेस्टिमोनियल हेच होतं. आता आमंत्रणं मागावी लागत नाहीत. एखादी नवी जागा निघते आणि आठवड्याच्या आत कुणीतरी विचारतं, "तुम्ही आहात ना तिथे?" रत्नागिरीत राहून, हिशेबाची नोकरी सांभाळून मी गेल्या वीसेक वर्षांत अशा बऱ्याच जागा पाहिल्या. काही ठिकाणी मनापासून रमले, काही सोडल्या, काही डोळ्यांदेखत बंद झाल्या. त्यातून जे माझ्यापुरतं पक्कं झालं, ते इथे मांडते आहे.

१. दोन माणसांच्या मधे काय आहे, ते आधी बघावं.

बऱ्याच सोशल साइटवर दोन माणसांच्या मधे काहीच नसतं. तिथे तुमचा चेहरा असतो, तुमचं मत असतं, तुमचा वाढदिवस असतो. मग करण्यासारख्या गोष्टी दोनच उरतात: स्वतःला दाखवायचं, नाहीतर दुसऱ्याला बघत राहायचं. दोन्हींनी माणूस थकतो. याउलट काही ठिकाणी मधे एखादी वस्तू ठेवलेली असते. फूल, पक्षी, पुस्तक, नकाशा, पाककृती. दोघेही त्या वस्तूकडे बघत असतात आणि बघता बघता एकमेकांची ओळख होते. माझ्या ऑनलाइन आयुष्यातली टिकलेली बहुतेक माणसं अशीच भेटली आहेत.

आयनॅचरलिस्ट ही त्यातली मला सगळ्यात प्रिय जागा. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी २००८ साली पदव्युत्तर अभ्यासाचा प्रकल्प म्हणून ती सुरू केली. रानातल्या फुलाचा, किड्याचा, बेडकाचा फोटो टाकायचा, तारीख आणि जागा नोंदवायची आणि आपल्याला वाटतं ते नाव लिहायचं. नाव माहीत नसेल तर नुसतं 'वनस्पती' लिहिलं तरी चालतं. मग जगात कुठेतरी बसलेलं माणूस ते बघतं आणि नाव सुचवतं. किमान दोघांचं एकमत झालं, आणि मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक लोक त्याच नावावर आले, की ती नोंद संशोधनाच्या दर्जाची ठरते. परवान्याची अट जुळली तर ती जीबीआयएफ या जागतिक माहितीसाठ्यातही जाते आणि तिथून अभ्यासकांना वापरता येते.

आमचे कातळसडे उन्हाळ्यात बघितले तर काळेकरडे, तापलेले, वांझ वाटतात. पावसाळा सरता सरता त्याच कातळावर पाणी झिरपत असतं आणि बोटभर उंचीची निळीजांभळी फुलं दाट पसरतात. सीतेची आसवं. लहानपणापासून माझ्यासाठी हे एकच फूल होतं. या साइटवर फोटो टाकायला लागल्यावर समजलं, की दिसायला सारख्या वाटणाऱ्या त्या फुलांत अनेक जाती आहेत. नाव सुचवणाऱ्या एका अनोळखी व्यक्तीने लिहिलं: पुढच्या वेळी फुलाला मागून लोंबणाऱ्या शेंड्याचा एका बाजूने फोटो घ्या, फळ धरलं असेल तर देठाचाही घ्या. नुसतं नाव सांगून ती व्यक्ती थांबली नव्हती, कसं बघायचं ते शिकवत होती. ही वनस्पती किडे खाते हेही मला तिथल्याच चर्चेतून कळलं. कातळावरच्या पातळ मातीत नत्र फारसं नसतं, म्हणून तिच्या बुडाशी इवल्या पिशव्या असतात. एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी आला, की सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात पाण्यासकट आत ओढला जातो. ज्या सड्यावरून मी शाळेत जात होते, त्या सड्यावर पायाखाली हे सगळं चाललेलं होतं.

त्या संपूर्ण संवादात मी कोण, कुठल्या घरची, कुणाला मत देते, हे कुणीही विचारलं नाही. मी सुचवलेलं नाव नाकारलं गेलं तेव्हाही कारण फुलाच्या आकारातलं होतं. मतभेद इतक्या स्वच्छपणे मांडता येतात हा अनुभव मला इतर सोशल साइटवर फार क्वचित आला.

पक्षी बघणाऱ्यांसाठी ईबर्ड आहे, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिप्रयोगशाळेने २००२ साली सुरू केलेली. तिथे किती वेळ चाललात, किती अंतर गेलात, कोणते पक्षी किती दिसले, हे लिहायचं असतं. कावळा आणि साळुंकी यांनाही तिथे किंमत आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. नेहमीचा पक्षी कमी व्हायला लागला तर ते अशा रोजच्या नोंदींतूनच लक्षात येणार.

आपल्या मराठीतही हेच दिसतं. १९९६च्या गणेशचतुर्थीला सुरू झालेली मायबोली किंवा नंतरचं मिसळपाव घ्या. तिथे वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा उघडली जाणारी पानं पाककृतीची, भटकंतीची, गड-किल्ल्यांची असतात. आंबोळीचं पीठ थंडीत फुगत नाही, या प्रश्नाला अमेरिकेतल्या कुणी उत्तर दिलं की ते दहा वर्षांनीही कुणाच्या तरी उपयोगी पडतं. त्या दहा वर्षांतले राजकारणावरचे वाद मात्र आज कुणीही उघडत नाही.

२. मुक्काम करण्याआधी बाहेर पडायची वाट बघून ठेवावी.

मोठ्या कंपनीची जागा म्हणजे कायमची जागा, असं मानायला काहीच आधार नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं. गूगल रीडर १ जुलै २०१३ला गेलं, गूगल प्लस २ एप्रिल २०१९ला. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२०मध्ये संपलं. भारतीय भाषांसाठी निघालेलं कू, पिवळ्या पक्ष्याचं, जुलै २०२४मध्ये बंद झालं. टिकटॉकवर तर २९ जून २०२०ला बंदी आली आणि खेड्यापाड्यांतल्या किती मराठी कलाकारांनी उभे केलेले प्रेक्षक दुसऱ्या दिवशी नव्हते. त्यांत शेतकरी होते, गृहिणी होत्या, ज्यांना शहरातल्या कुठल्याच रंगमंचाने कधी बोलावलं नव्हतं अशा बायका होत्या. त्यांची ती मेहनत आठवली की आजही वाईट वाटतं.

म्हणून नवीन ठिकाणी खातं उघडलं, की मी फोटो लावण्याआधी सेटिंगमध्ये जाते आणि तीन गोष्टी शोधते. माझं लिखाण आणि फोटो एकगठ्ठा उतरवून घेता येतात का? खातं खरंच काढून टाकता येतं, की नुसतं झोपवून ठेवतात? आणि मी टाकलेल्या फोटोवर हक्क कुणाचा? या तिन्हींची उत्तरं सहज सापडली, तर चालवणाऱ्यांच्या मनात तुमच्याबद्दल आदर आहे असं समजावं. शोधून सापडली नाहीत, तर तिथे जपून ठेवावंसं काही टाकू नये, गप्पा माराव्यात आणि यावं. दिवाळीच्या साफसफाईत मी माझ्या सगळ्या नोंदी संगणकावर उतरवून घेते. लेख लिहितानाही आधी स्वतःच्या फाइलमध्ये लिहिते, मग तिथे चिकटवते.

दुसऱ्याचं एखादं पान मोलाचं वाटलं, तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याचा पत्ता देऊन प्रत ठेवता येते. ही संस्था १९९६पासून हे काम करते आहे. मराठीतली किती चांगली पानं आज फक्त तिथे शिल्लक आहेत, हे शोधायला बसलात तर थक्क व्हाल.

३. पहिले काही दिवस नुसतं वाचावं.

वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ साली एक ढोबळ निरीक्षण मांडलं होतं: अशा समूहांत शंभरातले नव्वद फक्त वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि बहुतेक सगळं लिखाण उरलेल्या एकाचं असतं. त्या नव्वदांत असण्यात कमीपणा नाही. मी त्या दिवसांत एकच गोष्ट बघते. नवख्याने भाबडा प्रश्न विचारला, तर त्याला कोण उत्तर देतं आणि कसं देतं. त्याची टिंगल होत असेल, तर बाकीचं कितीही झगमगीत असो, मी पुढे जात नाही.

४. फोनमधली नावांची यादी मागितली, की 'नको' म्हणावं.

"तुमचे मित्र शोधा" असं बटण पहिल्याच दिवशी पुढे येतं. ते दाबलं की फोनमधले सगळे नंबर जातात, आणि ते नंबर माझे नसतात. त्यात माझ्या डॉक्टर आहेत, सिलिंडर आणणारा आहे, नवऱ्यापासून लपून माहेरी फोन करणारी एक ओळखीची मुलगी आहे. त्यांच्या वतीने हो म्हणायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. मित्र शोधायचे तर एकेकाला विचारून शोधता येतात.

जागेचंही तसंच. दीपकाडीचं पांढरं फूल पहिल्या पावसात कोकणातल्या मोजक्या सड्यांवर येतं. नेमकी जागा जाहीर झाली की हौशी मंडळींची पावलं तिथे वळतात, कधी कंद उपटणारेही येतात. आयनॅचरलिस्टवर अशा दुर्मीळ जातींची जागा धूसर ठेवायची सोय आहे. नकाशावर सुमारे वीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी खूण दिसते, अचूक जागा नोंदीत सुरक्षित राहते. घराच्या अंगणातल्या फुलपाखराचा फोटो टाकताना मी हीच सोय स्वतःसाठी वापरते. बाईमाणसाचं घर कुठे आहे, हे फुलपाखरामुळे कुणाला कळायचं कारण नाही. आणि कुणी पैसे मागितले, धमकावलं, फोटोचा गैरवापर केला, तर लाजत बसू नये. पैशाची फसवणूक असेल तर तडक १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका लवकर जाईल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

५. देवनागरीत लिहावं.

एके काळी हे अवघड होतं. प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा, एकाच्या संगणकावरची कविता दुसऱ्याकडे नुसती चौकटींची रांग. युनिकोडने ते संपवलं आणि आता फोनवरही मराठी कळफलक आहे. तरी सवयीने रोमन लिपीत मराठी लिहिणारे पुष्कळ. माझा आग्रह शुद्धलेखनाचा नाही, सापडण्याचा आहे. 'तेरडा' असं लिहिलंत तर तेरडा शोधणाऱ्या शाळकरी मुलीला ते मिळेल. रोमनमध्ये ज्याने त्याने मनाला येईल तसं लिहिलेलं कुणालाच मिळत नाही. साइट परदेशातली असली तरी हरकत नाही. आयनॅचरलिस्टवर झाडाच्या शास्त्रीय नावाला मराठी नाव जोडता येतं, आणि ते काम आपण केलं नाही तर दुसरं कोण करणार?

६. समोर काय यावं, हे कोण ठरवतं ते ओळखावं.

न संपणारं सरकतं पान ही कल्पना २००६च्या सुमारास एझा रास्किन यांनी काढली आणि पुढे तिच्याबद्दल जाहीरपणे खंतही व्यक्त केली. याउलट मॅस्टोडॉन या सोशल साइटवर नोंदी वेळेच्या क्रमाने येतात, म्हणून वाचून संपतात. ब्लूस्कायवर कोणत्या क्रमाने वाचायचं ते आपल्याला निवडता येतं. अशी सोय असेल तर ती पहिल्याच दिवशी लावून टाकावी.

७. लाटेबरोबर जाऊ नये.

नोव्हेंबर २०१९मध्ये भारतातून कितीतरी लोक ट्विटरवर रागावून मॅस्टोडॉनवर गेले. त्यांतले पुष्कळ जण काही आठवड्यांत परत आले. राग ओसरला आणि नव्या जागी करण्यासारखं काही हातात नव्हतं. जे तिथे काही करायला गेले होते, ते राहिले.

८. घरातल्या मोठ्यांना सोबत न्यावं.

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला, लोकांनी मिळून काढलेला नकाशा. कुणीही खातं उघडून रस्ता, विहीर, देऊळ, ओढा भरू शकतं आणि प्रत्येक जागेला मराठी नाव वेगळं देता येतं. अट एकच: दुसऱ्या नकाशावरून उचलायचं नाही, स्वतःला माहीत असलेलं लिहायचं. आमच्या गावची माहिती कुणाला आहे? माझ्या मामांना. म्हणून सुटीत मी संगणक घेऊन त्यांच्याशेजारी बसते. उपग्रहाच्या चित्रावर त्यांना घराचं कौल ओळखता आलं, की मग थांबत नाहीत. ही पाखाडी, हा पऱ्या, इथून वरची वाडी, इथे पूर्वी घाणा होता. सरकारी कागदात ज्या वाडीचा एकच शब्द आहे, तिचे त्यांच्या तोंडी पाच भाग आहेत. मी भरत जाते.

ते भरलेलं पुढे ऑर्गॅनिक मॅप्ससारख्या ॲपमध्ये येतं आणि नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर नेटवर्क नसतानाही चालतं. आमच्या डोंगराआडच्या वाड्यांना रेंज कुठे असते? गेल्या पावसाळ्यात मामांच्या शेजारणीला न्यायला आलेल्या गाडीचा चालक बाहेरगावचा होता. तो कुणालाही न विचारता पाखाडीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. मामांनी त्याच्याकडून फोन मागून घेतला, नकाशा लांबवून लांबवून पाहिला, आणि रात्री मला फोन केला. "बाय, तिठ्यावरची विहीर घातलीस, पण पलीकडचा साकव राहिलाय. शनिवारी येतेस ना?"