इंग्रजी शब्दांचा धडा: 'इम्प्रूव्ह'

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील खेड्यांत दवाखान्याचा कागद आला म्हणजे तो वाचून घेण्यास लोक बहुधा आपणांकडेच येतात. म्हणून आज 'इम्प्रूव्ह' हें एकच क्रियापद आपण नीट समजून घेऊं.

ह्या शब्दाचें मूळ जुन्या फ्रेंच भाषेंतील 'नफा' या अर्थाच्या शब्दांत आहे. पूर्वीं इंग्रज लोक तो विशेषेंकरून जमिनीविषयीं योजीत. पडीत जमीन वाहितीस आणून उत्पन्न वाढविणें हा त्याचा अर्थ. आपल्या कास्तकारांस हें सहज कळेल. अकोल्यास 1969 सालीं स्थापन झालेल्या कृषि विद्यापीठानें काढलेल्या वाणांस आपण 'सुधारित' म्हणतों, तो ह्याच शब्दाचा अर्थ होय. सुधारित वाण पहिल्यापेक्षां चांगला खरा. पण त्यावर कीड पडणारच नाहीं, असें कोणी म्हणत नाहीं.

मराठींत आपण 'सुधरणें' व 'सुधारणें' अशीं दोन क्रियापदें योजितों. इंग्रजींत दोहोंस एकच पुरतें. 'द फार्मर इम्प्रूव्ह्ज द सॉइल', म्हणजे शेतकरी जमीन सुधारतो. 'द सॉइल इम्प्रूव्ह्ज', म्हणजे जमीन सुधरते.

आतां दुखण्याकडे वळूं. 'इम्प्रूव्हिंग' म्हणजे उतार पडत आहे. 'रिकव्हर्ड' म्हणजे गेलेली प्रकृति परत आली. 'क्युअर्ड' म्हणजे रोग गेला. ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

हा भेद आम्ही ठेंच लागल्यावर शिकलों. कांहीं वर्षांपूर्वीं क्षयानें आजारी असलेल्या एका बंधूच्या कागदावर 'इम्प्रूव्ह्ड' असें लिहिलें होतें. आम्हीं 'बरा झाला' असें वाचून दाखविलें. घरच्यांस आनंद झाला, व दुसऱ्याच महिन्यांत गोळ्या बंद पडल्या. क्षयाचें औषध साधारणतः निदान 6 महिने घ्यावें लागतें. ताप व खोकला आधींच थांबतात, परंतु जंतु उरलेले असतात; औषध अर्धवट सोडल्यास ते पुन्हा वाढतात, व कधीं कधीं त्याच औषधास दाद देईनासे होतात. त्या बंधूस खोकला पुन्हा आला, आणि उपचार पहिल्यापासून घ्यावे लागले. त्यांनीं आम्हांस दोष दिला नाहीं. आम्हांस मात्र तो शब्द अजून बोचतो.

यास्तव 'इम्प्रूव्ह्ड' दिसल्यास 'गुण येत आहे. डॉक्टर थांबवीपर्यंत औषध सोडूं नका' असें सांगावें.

अभ्यास: 'हर कफ हॅज इम्प्रूव्ह्ड, बट शी इज नॉट क्युअर्ड.' ह्याचें मराठी करा, आणि घरच्या मंडळीस दोहोंतील भेद समजावून द्या.